एकही आकडा न दिलेलं सुडोकू (आणि इतर विचित्र नियम)

खोडरबर (शनिवार, रात्री ११.१०)

नमस्कार मंडळी,

पेपरातलं साधं सुडोकू मी दहा-बारा वर्षं सोडवत होतो. चहा संपायच्या आत संपायचं, मग पेपरची घडी घालून कामाला लागायचं. २०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीत घरी बसलो असताना एक व्हिडिओ समोर आला आणि सगळं बिघडलं. 'क्रॅकिंग द क्रिप्टिक' या यूट्यूब वाहिनीवर सायमन अँथनी नावाचे एक इंग्रज गृहस्थ कोड्यासमोर बसलेत. ८१ घरं, त्यात आकडे दोन. एक १ आणि एक २. बास. सुरुवातीला त्यांना वाटतं, कोणीतरी आपली थट्टा करतंय. मिचेल ली यांनी रचलेल्या त्या कोड्यात नेहमीच्या नियमांवर तीन जादा नियम होते. बुद्धिबळातल्या राजाच्या एका चालीच्या अंतरावर तोच आकडा नको, घोड्याच्या चालीवरही नको, आणि आडव्या-उभ्या शेजाऱ्यांत लागोपाठचे आकडे नकोत. पंचवीसेक मिनिटांत कोडं सुटलं. मी भाजी करपवली.

तेव्हापासून पेपरातलं सुडोकू बेचव लागतं. आता मी रचायला लागलोय. खाली माझं पहिलंवहिलं कोडं देतो. चार बाय चारचंच आहे, पण हसू नका, मला तीन संध्याकाळी लागल्या.

नियम : प्रत्येक आडव्या ओळीत, उभ्या स्तंभात आणि २×२ च्या चौकोनात १ ते ४ एकेकदाच. घराचा पत्ता (ओळ, स्तंभ) असा लिहितो. (२,३) म्हणजे वरून दुसरी ओळ, डावीकडून तिसरं घर. कोड्यात एक थर्मामीटर आहे. त्याचा फुगा (१,१) मध्ये, तिथून नळी (२,२), (२,३), (३,३) अशी जाते. फुग्याकडून टोकाकडे आकडे वाढत गेले पाहिजेत. दिलेला आकडा एकही नाही.

● □ □ □
□ ○ ○ □
□ □ ○ □
□ □ □ □

होऊ दे सुरुवात.

गोट्या (शनिवार, रात्री ११.२५)

रिकामं ताट मांडून 'पोटभर जेवा' म्हणायचा प्रकार आहे हा.

वाचनमात्र (शनिवार, रात्री ११.३१)

वाखू (वाचनखूण) साठवली.

नमू (शनिवार, रात्री ११.४८)

मस्त! मी न्यूजर्सीत आहे, इथे आत्ता दुपार. लगेच बसले.

नळीत चार घरं, आकडेही चारच, म्हणजे १-२-३-४ सक्तीचे. (१,१)=१, (२,२)=२, (२,३)=३, (३,३)=४. पहिल्या चौकोनात उरले ३ आणि ४. दुसऱ्या ओळीत ३ आहे, म्हणून (२,१)=४, (१,२)=३. त्यावरून (२,४)=१. उजवीकडच्या वरच्या चौकोनात उरले २ आणि ४. तिसऱ्या स्तंभात ४ आहे, म्हणून (१,३)=२, (१,४)=४, आणि खाली (४,३)=१. दुसऱ्या स्तंभात उरले १ आणि ४. तिसऱ्या ओळीत ४ आहे, म्हणून (३,२)=१, (४,२)=४.

इथवर लोण्यातून सुरी. पण आता (३,१), (३,४), (४,१), (४,४) या चारही घरांत '२ किंवा ३' येतंय आणि पुढे सरकतच नाही. माझं कुठे चुकतंय?

अडीच घर (रविवार, सकाळी ६.५०)

नमू, तुझं काही चुकलेलं नाही. धागाकर्त्याचं चुकलंय. कोड्याला दोन उत्तरं आहेत.

१ ३ २ ४
४ २ ३ १
२ १ ४ ३
३ ४ १ २

आणि

१ ३ २ ४
४ २ ३ १
३ १ ४ २
२ ४ १ ३

शेवटच्या दोन ओळींची टोकं बघा. चार घरं, पण ती दोनच ओळींत, दोनच स्तंभांत आणि दोनच चौकोनांत बसतात. त्यातले २ आणि ३ अदलाबदल केले तर बाकी कोड्याला पत्ताही लागत नाही. अशी चौकडी उरली की समजायचं, रचणाऱ्याने तिथे काही राखण ठेवलेली नाही. नऊ बाय नऊतही बरीच कोडी याच खड्ड्यात पडतात.

खोडरबर (रविवार, सकाळी ९.१५)

अरे देवा. तीन संध्याकाळी कशात गेल्या ते सांगतो म्हणजे तुम्हाला हसू तरी येईल. आधी मी एक पूर्ण भरलेलं उत्तर लिहिलं. मग त्यात १-२-३-४ चढत जाणारी वाट कुठे दिसते ते शोधलं. दिसली, तिथे थर्मामीटर काढला, आकडे खोडले. स्वतःच सोडवून बघितलं तेव्हा उत्तर माहीत होतं, त्यामुळे शेवटच्या चार घरांत हात आपोआपच बरोबर आकडे लिहून गेला.

आता काय करू? (४,४) मध्ये एक आकडा देऊन टाकू?

अडीच घर (रविवार, सकाळी ९.४०)

आकडा देऊ नका हो. एवढं 'एकही आकडा नाही' म्हणून मिरवलंत, आणि शेवटी गुपचूप हातात चार आणे ठेवायचे?

फुगा एक घर उजवीकडे सरकवा. (१,२), (२,२), (२,३), (३,३). बाकी काही बदलू नका, आणि नमू, तू परत बस.

□ ● □ □
□ ○ ○ □
□ □ ○ □
□ □ □ □

नमू (रविवार, सकाळी १०.०५)

झोपायला चालले होते, पण राहवलं नाही.

३ १ २ ४
४ २ ३ १
१ ३ ४ २
२ ४ १ ३

एकच उत्तर! यावेळी १ दुसऱ्या स्तंभात गेल्यामुळे दुसऱ्या स्तंभात खाली ३ आणि ४ उरतात, पहिल्या स्तंभात १ आणि २. तळाच्या डाव्या चौकोनातली भांडणं तिथेच मिटतात, आणि मग (३,४) ला २ शिवाय पर्याय राहत नाही. एका घराने एवढा फरक?

अडीच घर (रविवार, सकाळी १०.३०)

एका घराचाच खेळ आहे सगळा.

आता जरा लांबण लावतो, कारण खोडरबरांची चूक मी स्वतः पहिली दोन वर्षं करत होतो. आधी उत्तर, मग त्यावर नियमांची सजावट. असं रचलेलं कोडं कधीकधी सुटतं, पण सोडवणाऱ्याला त्यात वाट नसते. इथे एक रेघ, तिथे एक बेरीज, जिथे अडेल तिथे एक आकडा. लग्नात आहेराची भांडी मांडतात तसं.

उलट करून बघा. रिकामी चौकट घ्या. एकच रेघ किंवा एकच थर्मामीटर ठेवा आणि स्वतःला विचारा, एवढ्यावरून काय ठरलं? कुठला आकडा कुठे जाऊच शकत नाही? ते टिपा. जिथे विचार अडतो, तिथे दुसरी गोष्ट ठेवा, पण अशी की पहिलीशी तिचं काहीतरी घेणंदेणं असेल. म्हणजे तुम्ही रचता रचताच सोडवत जाता, आणि तुम्हाला जी पायरी सापडली तीच सोडवणाऱ्यालाही सापडते. उत्तर काय येणार ते रचणाऱ्यालाही शेवटपर्यंत माहीत नसतं. मला तर बहुतेक वेळा शेवटचा स्तंभ भरताना कळतं की हे कोडं जगणार की कचऱ्यात जाणार. दहातली सात कचऱ्यात.

हत्यारं म्हणाल तर दोन संकेतस्थळं आहेत. एफ-पझल्सवर रचता येतं, सुडोकूपॅडवर लोकांना सोडवायला देता येतं. एफ-पझल्सला विचारलं तर उत्तर एकच आहे की नाही तेही सांगतं. कोडं लोकांपुढे टाकायच्या आधी तेवढं बटण दाबायचं. खोडरबर, हलकेच घ्या.

तिसरा मजला (रविवार, दुपारी १.१०)

एवढा खटाटोप कशाला? संगणकाला सांगितलं तर एका मिनिटात हजार कोडी पाडून देईल, सगळी एकाच उत्तराची. हाताने रचायचा हट्ट म्हणजे मिक्सर असताना पाट्यावर वाटण.

मालतीकाकू (रविवार, दुपारी २.३०)

पाट्यावरचं वाटण कधी खाल्लंय का रे तू?

खोडरबर (रविवार, दुपारी ३.००)

काकू १, मजला ०.

पण मुद्दा रास्त आहे, आणि गंमत म्हणजे सुडोकूच्या इतिहासातही हाच वाद आहे. अमेरिकेत हॉवर्ड गार्न्स या वास्तुविशारदाने रचलेली कोडी १९७९ मध्ये डेल कंपनीच्या मासिकात 'नंबर प्लेस' नावाने आली. १९८४ मध्ये जपानच्या निकोली या प्रकाशन कंपनीने ती उचलली, 'सुडोकू' हे नाव तिथलं. निकोलीचा आग्रह हाताने रचण्याचा. दिलेले आकडेसुद्धा चौकटीत सममितीने मांडलेले, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे. दुसरीकडे हाँगकाँगमध्ये न्यायाधीश असलेले न्यूझीलंडचे वेन गूल्ड निवृत्तीनंतर कोडी तयार करणारा संगणक प्रोग्रॅम लिहायला बसले. त्यांचं कोडं नोव्हेंबर २००४ मध्ये लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये छापलं गेलं आणि मग जगभर साथ पसरली. म्हणजे आपल्या पेपरात रोज जे येतं त्याचा एक आजोबा हाताने रचणारा आणि दुसरा संगणकवाला.

तिसरा मजला (रविवार, दुपारी ३.२०)

साथ पसरवली ती संगणकवाल्या आजोबांनी, हे तुम्हीच लिहिलंत. मी माझी विश्रांती घेतो.

अडीच घर (रविवार, दुपारी ४.१५)

मजल्यावरच्यांना एवढंच म्हणतो की साध्या सुडोकूत संगणक मला हरवेल, मान्य. पण 'इथे सोडवणारा थबकेल, कपाळावर हात मारेल आणि मग हसेल' ही जागा ठरवून ठेवणारा अजून मला भेटायचाय. भेटला तर त्याच्याकडे शिकवणी लावीन.

गोट्या (रविवार, संध्याकाळी ६.००)

एक शंका. सुडोकूला किमान १७ आकडे द्यावेच लागतात असं कुठेतरी वाचलं होतं. मग दोन आकड्यांचं कोडं कसं काय चालतं? शून्य आकड्यांचं तर सोडाच.

नमू (रविवार, संध्याकाळी ६.४०)

१७ चा नियम साध्या सुडोकूचा. डब्लिनच्या गॅरी मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये संगणकावर महिनोन्महिने शोध घेऊन दाखवलं की १६ आकड्यांत एकच उत्तर असलेलं साधं नऊ बाय नऊ कोडं असूच शकत नाही. पण जादा नियम आले की माहिती आकड्यांऐवजी नियमांतून येते. 'घोड्याच्या चालीवर तोच आकडा नको' हा नियम ८१ च्या ८१ घरांना लागतो. एका नियमात किती आकड्यांचं काम दडलंय ते बघ.

गोट्या (रविवार, संध्याकाळी ६.४४)

म्हणजे पगार कमी, भत्ते जास्त. कळलं.

मालतीकाकू (रविवार, रात्री ८.२०)

मला ते घोडे-बिडे जमत नाहीत. मी किलर सुडोकूवाली. तुटक रेघांचं कुंपण, कोपऱ्यात बेरीज, आणि कुंपणात आकडा परत यायचा नाही. माझ्याकडे एक जुनी वही आहे, त्यात जोड्या लिहून ठेवल्यात. दोन घरांत १७ म्हणजे ८ आणि ९, १६ म्हणजे ७ आणि ९, ३ म्हणजे १ आणि २. तीन घरांत २४ म्हणजे ७-८-९, २३ म्हणजे ६-८-९. तीन घरांत ८ असेल तर १ हमखास आहे, २२ असेल तर ९ हमखास. शाळेत पाढे पाठ केले त्याचा उपयोग साठीनंतर झाला.

आणि सगळ्यात मोठी किल्ली ४५. कुठल्याही ओळीची, स्तंभाची, चौकोनाची बेरीज ४५च. एका चौकोनात कुंपणं नीट बसत असतील आणि एकाचं एकच घर बाहेर डोकावत असेल, तर सगळ्या बेरजा मिळवायच्या आणि ४५ वजा करायचे. बाहेर डोकावणाऱ्या घराचा आकडा हातात.

एकदा आमच्याकडे येणाऱ्या पेपरात चार घरांच्या कुंपणावर ९ छापलं होतं. १, २, ३, ४ मिळवले तरी १० होतात! मी सकाळभर चष्मा पुसत बसले. दुसऱ्या दिवशी उत्तर छापलं, त्यात त्या चार घरांची बेरीज १९ येत होती. ९ च्या आधीचा १ शाईने खाल्ला होता. दिलगिरी वगैरे काही नाही.

सासष्टीकर (रविवार, रात्री ९.३५)

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. २००८ च्या एप्रिलमध्ये जागतिक सुडोकू स्पर्धा आमच्या गोव्यात झाली होती. पहिली २००६ मध्ये इटलीतल्या लुका गावी, दुसरी प्रागला, तिसरी गोव्यात. अमेरिकेचा थॉमस स्नायडर सलग दुसऱ्यांदा जिंकला. त्या स्पर्धांत साधं सुडोकू थोडंच असतं, बाकी सगळे हेच तिरपागडे नियम. मी तेव्हा तिथून काही किलोमीटरवर कॉलेजात बसून पेपरातलं 'सोपे' सोडवत होतो आणि मला याची गंधवार्ता नव्हती. २०१७ मध्ये बंगळूरला झाली तेव्हा कळलं, तर लग्न होतं घरात.

नमू (सोमवार, पहाटे ५.१५)

मला जर्मन व्हिस्पर या प्रकाराने वेड लावलंय. हिरवी रेघ असते. रेघेवरच्या लगतच्या दोन घरांत फरक किमान ५ हवा. सोडवता येतं, पण रचताना रेघ कुठून कशी न्यावी ते उमगत नाही. मी मधल्या चौकोनाच्या कडेकडेने आठ घरांची रेघ काढली, एका कोपऱ्यात सुरू, मधलं घर मोकळं. पुढे काय ते कळेना.

अडीच घर (सोमवार, सकाळी ७.००)

नकळत काय काढलंस तुला माहीत आहे का? चहा घेऊन बस.

रेघेवर ५ येऊच शकत नाही, कारण ५ शी पाचचा फरक असलेला आकडा १ ते ९ मध्ये नाही. आठ घरं रेघेवर, मधलं एक मोकळं, म्हणजे मधे ५. हे झालं पहिलं.

रेघेवर लहान-मोठा-लहान-मोठा असे आकडे आलटूनपालटून येणार. १ ते ४ लहान, ६ ते ९ मोठे. आता ४ बघ. ४ चा शेजारी फक्त ९ होऊ शकतो. रेघ एकाच चौकोनात आहे, तिथे ९ एकच. मग ४ ला दोन्ही बाजूंना शेजारी कसे मिळणार? नाही मिळणार. म्हणून ४ टोकाला. ६ चंही तसंच, त्याला फक्त १ चालतो, म्हणून ६ दुसऱ्या टोकाला. म्हणजे एका टोकाला ४-९, दुसऱ्याला १-६.

मधे राहिले २, ३, ७, ८. ३ ला फक्त ८ आणि ९ चालतात, आणि तो मधे असल्यामुळे त्याला दोन शेजारी लागतात. म्हणजे तो ९ आणि ८ च्या मधे. पुढे २, मग ७.

४-९-३-८-२-७-१-६

पूर्ण रेघ ठरली! फक्त कुठल्या टोकाने वाचायची तेवढं उरलं. एकही आकडा न देता तू नऊ घरांचा प्रश्न 'सरळ की उलट' एवढ्यावर आणून ठेवलास. आता चौकोनाबाहेर एक छोटी गोष्ट ठेव, जी दिशा ठरवेल, आणि ती लांब ठेव. जवळ ठेवलीस तर सोडवणारा रेघेचा विचार करायच्या आधीच दिशा लावून मोकळा होईल, सगळी मजा फुकट.

नमू (सोमवार, सकाळी ७.०४)

हे मी काढलं होतं? मी? फ्रेम करून लावते.

देवळालीचा (सोमवार, सकाळी ११.३०)

आमच्या गावच्या कापरेकर मास्तरांचं नाव अजून कोणी घेतलं नाही म्हणून घेतो. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, देवळालीच्या शाळेत शिकवायचे आणि १९४९ मध्ये ६१७४ या संख्येची गंमत त्यांनी शोधली. चार आकडे घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमाच्या संख्येतून चढत्या क्रमाची वजा करा, उत्तरावर पुन्हा तेच करा. शेवटी ६१७४ वर येऊन थांबता. यावर कोडं व्हायलाच हवं. माझी कल्पना अशी : काही पिंजऱ्यांवर (काकूंच्या भाषेत कुंपणांवर) 'क' लिहायचं, त्यात ६, १, ७, ४ हेच आकडे.

अडीच घर (सोमवार, दुपारी १२.१०)

मास्तरांना नमस्कार. पण नियम जमला नाही. पिंजऱ्यात कुठले चार आकडे आहेत ते तुम्ही सरळ सांगूनच टाकलंत. तिथे ६१७४ ऐवजी २५३८ असते तरी काय बिघडलं असतं? नियमाने सोडवणाऱ्याला काहीतरी करायला लावलं पाहिजे. मास्तरांची क्रिया वापरा, त्यांची संख्या नको.

देवळालीचा (मंगळवार, रात्री १०.४५)

काल राग आला होता, लपवत नाही. पण आज ऑफिसातून येताना लोकलमध्ये कागदावर मांडलं आणि आता सांगतो.

तीन घरांचा पिंजरा घ्यायचा. त्यातल्या आकड्यांची मोठ्यात मोठी संख्या वजा लहानात लहान संख्या, आणि उत्तर त्याच ओळीत पुढच्या चौकोनातल्या तीन घरांत डावीकडून उजवीकडे लिहायचं. पिंजऱ्यात ८, १, ४ असतील तर ८४१ − १४८ = ६९३. पुढच्या तीन घरांत ६, ९, ३.

उत्तर नेहमी ९९ च्या पटीत येतं, पिंजऱ्यातला सर्वांत मोठा वजा सर्वांत लहान, गुणिले ९९. म्हणून उत्तराचा मधला आकडा कायम ९. टोकाच्या दोघांची बेरीज ९. आणि डावीकडचा आकडा म्हणजे त्या फरकाहून एक कमी. ९ उत्तरात गेला, तर त्याच ओळीतल्या पिंजऱ्यात ९ येणार नाही. शिवाय पिंजऱ्यात ७, ५, २ घेतले तर उत्तर ४९५ येतं, त्यात ५ पुन्हा आला, म्हणून बाद!

अडीच घर (मंगळवार, रात्री ११.२०)

उभा राहून टाळ्या. आता हा नियम कामाला लागला. ९ चा पत्ता न विचारता मिळतो, डावा आकडा कळला की पिंजऱ्यातला फरक कळतो, आणि उलटही. फक्त एक लक्षात ठेवा. प्रत्येक बाणाच्या, म्हणजे उत्तराच्या तीन घरांच्या, मधल्या घरात ९ येणार, तेव्हा उत्तराचा एकच बाण एका चौकोनात, आणि दोन बाणांची मधली घरं एका स्तंभात नकोत. कापरेकर बाण म्हणायचं का याला?

देवळालीचा (मंगळवार, रात्री ११.२२)

म्हणायचं म्हणजे काय, म्हणायचंच.

गोट्या (बुधवार, सकाळी ९.००)

ते रिंग-रिंग काय असतं? परवा एका व्हिडिओत माणूस म्हणाला 'रिंगमुळे हे उघड आहे' आणि पुढे गेला. मला काहीही उघड नव्हतं.

नमू (बुधवार, संध्याकाळी ७.३०)

हे मी सांगते, मला एकदाच समजलंय आणि विसरायच्या आत लिहून टाकते. फिस्टोमेफेल या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या जर्मन गृहस्थांमुळे ते प्रसिद्ध झालं, म्हणून फिस्टोमेफेलची रिंग.

नऊ बाय नऊची चौकट घे. मधल्या ३×३ चौकोनाभोवती घरांचं एक कडं आहे, १६ घरांचं. आणि चौकटीच्या चार कोपऱ्यांत २×२ चे चार तुकडे, तीही १६ घरं. कुठलंही सुटलेलं साधं सुडोकू घे, या दोन्ही सोळांत अगदी तेच आकडे असतात, तितक्याच वेळा.

का? तराजू समज. डाव्या पारड्यात स्तंभ १, २, ८, ९ टाक. म्हणजे १ ते ९ चे चार संच. उजव्या पारड्यात तिसरी ओळ, सातवी ओळ, आणि मधल्या चौकोनाच्या डावीकडचा नि उजवीकडचा असे दोन चौकोन टाक. हेही चारच संच. दोन्ही पारडी सारखी. आता जी घरं दोन्हीकडे आहेत ती दोन्हीकडून उचल. काटा हलणार नाही, कारण सारखंच काढलं. डावीकडे राहतात ते चार कोपरे, उजवीकडे राहतं ते कडं. झालं.

पेपरातलं उत्तर काढून मोजून बघ.

गोट्या (बुधवार, रात्री ८.१५)

मोजलं. कोपऱ्यांत १ दोनदा, कड्यात १ दोनदा. ७ तीनदा, तीनदा. सगळे मोजले. इतकी वर्षं रोज डोळ्यांसमोर होतं हे?

तिसरा मजला (बुधवार, रात्री ८.४०)

मीपण मोजलं. जुळतंय. काही बोलत नाही.

खोडरबर (गुरुवार, रात्री १०.००)

धाग्याने माझ्या चुकीपासून इथवर मजल मारली, मजा आली. माझी प्रगती कळवतो. अडीच घरांनी सांगितल्याप्रमाणे रिकाम्या चौकटीपासून तीन कोडी रचली, तिन्ही फुटली. एकात उत्तरच नव्हतं, दोघांत शेकड्याने होती. चौथं अजून श्वास घेतंय. सहा बाय सहाचं आहे, दोन थर्मामीटर एकमेकांना ओलांडतात. शेवटच्या ओळीत अडकलोय. आकडा देणार नाही, शपथ.

मालतीकाकू (शुक्रवार, दुपारी ४.०५)

खोडरबरा, तुझं होईपर्यंत माझं घे. नमूची ती जर्मन रेघ मला आवडली, पण नऊ बाय नऊ काढायला वहीचं पान पुरेना. म्हणून चार बाय चार. आकडे १ ते ४, चौकोन २×२ चे. रेघेवरच्या लगतच्या घरांत फरक किमान २. रेघ (२,१), (२,२), (२,३), (२,४) अशी सरळ जाते, मग खाली वळून (३,४), (४,४). एक आकडा दिलाय, (४,२) मध्ये ४. तो काढून टाकायचा प्रयत्न केला, पण मग उत्तरं जास्त येतात, मी सहा मोजली.

बटण-बिटण दाबलेलं नाही. नातवाकडून दोनदा सोडवून घेतलंय, दोन्ही वेळा तेच आलं.

अडीच घर (शुक्रवार, दुपारी ४.३०)

काकू, मुजरा. दुसरी ओळ ३-१-४-२ किंवा उलटी, आणि तुमचा तो लांबचा ४ दिशा ठरवतो. मी सोमवारी नमूला जे सांगितलं तेच केलंत. उत्तर फोडत नाही, बाकीच्यांना सोडवू दे.

गोट्या (शुक्रवार, संध्याकाळी ६.१०)

सुटलं! डाव्या वरच्या कोपऱ्यात ४, बरोबर ना काकू?

मालतीकाकू (शुक्रवार, संध्याकाळी ६.४५)

बरोबर. आता पुढचं सहा बाय सहाचं काढते. नातवाची परीक्षा आहे, तोवर तपासायला कोण येतंय?